इंग्रजीत तोंडी उत्तर देताना मताला आधार कसा द्यावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजीवरील प्रभुत्व तपासणाऱ्या आयईएलटीएस परीक्षेच्या तोंडी विभागाची तयारी करणाऱ्या मराठी भाषक विद्यार्थ्यांनी मला वेळोवेळी विचारलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. परदेशी शिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी आणि ब्रिटनमध्ये नोंदणी करू इच्छिणाऱ्या परिचारिका यांचा त्यांत मोठा भरणा आहे. मात्र नोकरीसाठी इंग्रजीत मुलाखत देणाऱ्यांनाही यातील बहुतेक उत्तरे लागू पडतील.

माझे इंग्रजी बरे आहे आणि मतही स्पष्ट आहे. मग त्याला वेगळा आधार कशासाठी द्यायचा?

ही तोंडी परीक्षा 11 ते 14 मिनिटांची असते. पहिल्या भागात घर, गाव, शिक्षण, आवडीनिवडी असे ओळखीचे प्रश्न येतात. दुसऱ्या भागात विषय लिहिलेले एक कार्ड हाती देतात, विचार करायला एक मिनिट देतात आणि मग एक ते दोन मिनिटे बोलायला सांगतात. खरी कसोटी तिसऱ्या भागात लागते. तेथे चार-पाच मिनिटे त्याच विषयाच्या अनुषंगाने व्यापक प्रश्न विचारले जातात : वृद्ध आईवडिलांनी मुलांजवळ राहावे का, सार्वजनिक वाहतूक मोफत असावी का, शहरे फार वाढली आहेत का. गुण चार बाबींना समान वाटलेले असतात : बोलण्याचा ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरणाचा आवाका व अचूकता, आणि उच्चार. तुमचे मत बरोबर आहे की चूक, याला गुण नाहीत.

मग आधार कशाला, असे कोणी विचारील. 'हो, मला तसेच वाटते' एवढे बोलून थांबलेल्या उमेदवाराचे इंग्रजी कितीही चांगले असले, तरी ते दिसायला जागाच मिळत नाही. याउलट आधार द्यायला लागले की भूतकाळ येतो, तुलना येते, कार्यकारणभाव येतो, जर-तरची वाक्ये येतात आणि त्या त्या गोष्टीचे नेमके शब्द ओठावर येऊ लागतात. मत एका वाक्यात संपते. त्यानंतर बोलत राहायला लागणारा कच्चा माल आधारातूनच मिळतो.

आधार म्हणजे आकडेवारी का?

नाही, आणि हा गैरसमज मला स्वतःला एकदा महागात पडला आहे. इंग्रजीत दिलेल्या माझ्या पहिल्या मुलाखतीत मी 'ग्रामीण भागातील सत्तर टक्के मुले इंग्रजीच्या भीतीने शिक्षण सोडतात' असे ठोकून दिले. समोरच्या बाईंनी शांतपणे 'व्हेअर डिड यू रीड दॅट?' एवढेच विचारले. मी उत्तर टाळण्यासाठी टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे हात नेला, तर तो रिकामा निघाला. वास्तविक माझ्याच वर्गातील दोन मुलांनी दहावीला इंग्रजीत नापास झाल्यावर शाळा सोडली होती, आणि त्यांतला एक पुढे कित्येक वर्षे आमच्याच गल्लीत सायकली दुरुस्त करीत असे. ही पक्की ठाऊक असलेली गोष्ट सांगायची राहिली आणि ठाऊक नसलेला आकडा तेवढा सांगून झाला.

मग कोणकोणत्या गोष्टींचा आधार चालतो?

आपल्याकडील न्यायदर्शनाने, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय परंपरेने, ज्ञानाची चार प्रमाणे म्हणजे साधने मानली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. तोंडी परीक्षेपुरता या शब्दांचा शास्त्रीय काटेकोरपणा बाजूला ठेवला, तर ही विभागणी फार उपयोगी पडते. स्वतः पाहिलेले किंवा भोगलेले ते प्रत्यक्ष. दिसलेल्या गोष्टीवरून काढलेला निष्कर्ष ते अनुमान. उदाहरणार्थ, आमच्या सोसायटीतील जिन्याला कठडा बसवल्यापासून वरच्या मजल्यावरील आजोबा रोज खाली उतरू लागले, यावरून माणसे वयामुळे तेवढी घरात अडकत नाहीत जेवढी बांधणीमुळे अडकतात, असे म्हणता येते. दोन काळांची, दोन गावांची किंवा दोन पिढ्यांची तुलना उपमानाच्या जवळ जाते. विश्वासार्ह माणसाने सांगितलेले किंवा वाचलेले ते शब्दप्रमाण.

परीक्षेच्या खोलीत यांपैकी प्रत्यक्ष सर्वांत बळकट ठरते, कारण त्याच्या तपशिलासाठी शब्द शोधावे लागत नाहीत आणि पुढचा प्रश्न कोणताही आला तरी माणूस अडत नाही. सार्वजनिक घटना आणि स्वतःचा अनुभव यांची सांगड घालता आली तर अधिकच उत्तम. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेण्यात आले होते, हे कोणीही सांगेल. परंतु त्या वर्षी लातुरात राहणारा मुलगा जेव्हा घरातील कोणती भांडी आधी भरली जात आणि अभ्यासाचा कोणता तास पाण्याच्या रांगेत जाई हे सांगतो, तेव्हा तीच घटना त्याच्या मताला आधार देऊ लागते.

मी उदाहरण देतो, तरीही उत्तर तुटक वाटते. असे का होते?

बहुतेक वेळा उदाहरण दिले जाते आणि तेथेच सोडून दिले जाते. हा दोष इतका सार्वत्रिक आहे की त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे.

न्यायशास्त्रात अनुमान दुसऱ्याला पटवून देण्यासाठी पाच अवयव सांगितले आहेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तेथे धूर दिसतो, हा हेतू. जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात, हे उदाहरण. हा डोंगरही तसाच धुराने भरलेला आहे, हा उपनय. म्हणून येथेही अग्नी आहे, हे निगमन. आपले विद्यार्थी प्रतिज्ञा करतात, हेतू सांगतात, स्वयंपाकघरापर्यंत येतात आणि तेथेच बसून राहतात. स्वयंपाकघरातून पुन्हा डोंगराकडे नेणारे वाक्य, म्हणजे उपनय, त्यांच्या उत्तरात नसते.

मिरजेत नर्सिंगचे शिक्षण घेतलेली एक विद्यार्थिनी माझ्याकडे सरावाला येत असे. वाहतूक स्वस्त असावी का, या प्रश्नावर तिचे पहिले उत्तर असे होते : हो, असावी, कारण त्याने गरिबांचा फायदा होतो, उदाहरणार्थ, महाराष्ट्रात एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. एवढे बोलून ती गप्प झाली. माहिती खरी होती, कारण मार्च 2023 पासून ही सवलत सुरू झालेलीच आहे. मी फक्त 'मग?' असे मराठीत विचारले. ती जरा चिडली, आणि मग तिने आपल्या मावशीची हकीकत सांगितली. जत तालुक्यातील खेड्यात राहणाऱ्या या मावशीला रक्तदाबासाठी ठरावीक तारखेला मिरजेला दवाखान्यात यावे लागे. पूर्वी ती गोळ्या संपल्यावरही महिना-महिना काढत असे आणि चक्कर आली की मगच निघत असे, पण अर्धे तिकीट झाल्यापासून ती दिलेल्या तारखेला येऊ लागली. यानंतर विद्यार्थिनी स्वतःहूनच म्हणाली, 'सो द फेअर डझन्ट जस्ट डिसाइड व्हेदर पीपल ट्रॅव्हल. इट डिसाइड्स हाउ सिक दे आर व्हेन दे अराइव्ह.'

हे शेवटचे वाक्य म्हणजे उपनय आणि निगमन दोन्ही होय. ते तिला मी शिकवलेले नव्हते. 'मग?' हा प्रश्न विचारणारे कोणी समोर नसेल तर तो स्वतःला विचारण्याची सवय लावावी लागते, एवढेच. इंग्रजीत या जोडवाक्याची सुरुवात 'सो', 'दॅट्स व्हाय', 'व्हॉट दिस शोज इज' अशा साध्या शब्दांनी करता येते. 'देअरफोर' आणि 'हेन्स' बोलण्यात अवघडल्यासारखे वाटतात.

पुढे मी तिला आणखी एक प्रश्न विचारला : मावशी तारखेला येऊ लागली ती केवळ भाड्यामुळेच कशावरून? तिने विचार करून सांगितले की त्याच सुमारास मावसभावाने मावशीला मोबाइल घेऊन दिला होता, तेव्हा आठवण करून देणेही सोपे झाले असेल. ही कबुली तिने इंग्रजीत दिली आणि माझ्या मते तेच त्या दिवशीचे तिचे सर्वांत प्रौढ इंग्रजी होते.

मराठीतील 'म्हणे' इंग्रजीत कसा आणायचा?

हा प्रश्न फार थोडे जण विचारतात, परंतु अडतो तो सर्वांनाच. 'तिकडे भाडी दुप्पट झाली म्हणे' असे आपण म्हणतो तेव्हा त्या एका शब्दाने ही माहिती ऐकीव आहे, तिची जबाबदारी माझी नाही, हे सांगून होते. इंग्रजीत असे वाक्याच्या शेवटी चिकटणारे सोयीचे अव्यय नाही. त्यामुळे विद्यार्थी 'म्हणे' गाळतात, आणि सांगोवांगी ऐकलेली गोष्ट त्यांच्या तोंडी ठाम विधान होऊन बसते. काही जण प्रत्येक वेळी 'इट इज सेड दॅट' म्हणतात, ते पुस्तकी वाटते. बोलण्यात 'ॲपॅरन्टली', 'आय हॅव हर्ड दॅट', 'फ्रॉम व्हॉट आय हॅव रेड' हे प्रयोग सहज बसतात आणि ते बहुधा वाक्याच्या सुरुवातीला येतात, हे लक्षात ठेवावे. मराठीत शेवटी जे कळते ते इंग्रजीत बहुतेक वेळा आधीच सांगितले जाते.

असाच भेद 'असावा' आणि 'असेल' यांत आहे. कुलूप पाहून आपण 'तो बाहेर गेला असावा' म्हणतो, तेव्हा ते खुणेवरून केलेले अनुमान असते आणि तेथे 'ही मस्ट हॅव गॉन आउट' हे योग्य होय. नुसताच अंदाज असेल तर 'माइट' किंवा 'प्रॉबब्ली' वापरावे. आपल्या भाषेत खात्रीच्या इतक्या पायऱ्या जन्मजात असताना इंग्रजी बोलताना सगळेच एका पट्टीत सांगणे, हे निव्वळ सवयीच्या अभावी घडते.

अनुभव सांगताना कोणता काळ वापरावा?

एकदाच घडलेल्या घटनेला साधा भूतकाळ. नेहमी घडत असे त्याला 'यूज्ड टू' किंवा 'वुड' : 'आम्ही सुटीत आजोळी जायचो' हे 'वी यूज्ड टू गो' होते, 'वी वेअर गोइंग' नव्हे. घोटाळा खरा होतो तो 'पाहिले आहे' या रूपाने. मराठीत 'मी गेल्या वर्षी हे पाहिले आहे' हे वाक्य चालते, पण 'आय हॅव सीन दिस लास्ट इयर' चालत नाही. काळ नमूद केला की 'आय सॉ'; काळ न सांगता अनुभवाचा दाखला द्यायचा असेल तर 'आय हॅव सीन'. सामान्य विधान वर्तमानकाळात, उदाहरण भूतकाळात आणि जोडवाक्य पुन्हा वर्तमानकाळात, अशी ये-जा एका उत्तरात साधली तर व्याकरणाचा आवाका वेगळा दाखवावा लागत नाही.

आकडा वापरायचाच असेल तर?

जो पक्का ठाऊक आहे तो जरूर वापरावा, मात्र त्याचे साल आणि उगम यांसह, आणि दशांशचिन्ह गाळून. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील साक्षरता 82 टक्क्यांच्या पुढे होती, हे 'ओव्हर एटी पर्सेंट, ॲकॉर्डिंग टू द ट्वेंटी इलेव्हन सेन्सस' असे सांगता येते. आपल्या घरातील, वर्गातील, वॉर्डातील मोजणीही आकडाच असते : माझ्या वॉर्डात बावीस खाटांना दोन परिचारिका होत्या, हे विधान ज्याने तेथे रात्रपाळी केली आहे त्याच्या तोंडी राज्यभराच्या टक्केवारीपेक्षा जास्त वजनदार असते.

म्हणी, सुभाषिते किंवा थोरांची वचने आधार म्हणून चालतात का?

मराठी संभाषणात म्हण टाकली की वाद मिटतो. इंग्रजी उत्तरात ती केवळ अलंकार ठरते. त्यातही तिचे शब्दशः भाषांतर ऐकणाऱ्याला कोड्यात टाकते. 'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण तर या विषयात सावधगिरीनेच घ्यावी, कारण एका पातेल्यातील भात एकाच आचेवर शिजलेला असतो, माणसे तशी शिजलेली नसतात. एका मावशीवरून सर्व मावश्यांबद्दल बोलताना 'एव्हरीबडी' आणि 'ऑल्वेज' हे शब्द टाळून 'टेंड टू', 'मेनी', 'ॲट लीस्ट इन माय एरिया' असे शब्द घ्यावेत.

विचारलेल्या विषयाचा मला काहीच अनुभव नसेल तर काय करावे?

संग्रहालये हा असा हमखास येणारा विषय आहे. 'आय हॅव नेव्हर बीन टू अ म्युझियम' असे म्हणून थांबण्याची गरज नाही. शाळेची सहल, शेजारच्या मुलाने सांगितलेले, घरातील जुनी वस्तू यांपैकी काहीतरी जवळचे सापडतेच. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, रोजच्या वापरातील भांडी अशा वस्तू जपलेल्या आहेत. ते पाहिलेले नसले तरी ज्याच्या आजीकडे पितळी अडकित्ता होता आणि तो मोडीत गेला, त्याला जुन्या वस्तू का जपाव्यात यावर बोलता येते. अनुभव खरोखरच नसेल तर तसे मोकळेपणाने सांगून, 'बट आय कॅन इमॅजिन' असे म्हणत कारणमीमांसा करावी. तीही आधारच होय.

उदाहरण रचून सांगितले तर कोणाला कळते?

परीक्षक तुमच्या मावशीला फोन करणार नाही, हे खरे. आणि सत्यतेला गुण नाहीत, हे मी वर लिहिलेच आहे. तरीही मी रचलेली उदाहरणे शिकवत नाही. पाठ केलेली गोष्ट सांगताना आवाजाची लय बदलते, ती अनुभवी कानाला लगेच कळते, आणि पाठांतर उघड झाल्यास गुणांवर परिणाम होतो. शिवाय 'व्हाय डू यू थिंक दॅट हॅपन्ड?' असा पुढचा प्रश्न आला की रचलेल्या गोष्टीत त्या जागी काहीच नसते. खऱ्या गोष्टीत चक्कर, संपलेल्या गोळ्या आणि मावसभावाने दिलेला मोबाइल आधीपासूनच असतात.

उत्तर किती लांब असावे? परीक्षकांनी मध्येच थांबवले तर ते वाईट लक्षण आहे का?

तिसऱ्या भागात चार ते सहा वाक्ये पुरतात. परीक्षकांना ठरलेल्या वेळेत भाग संपवायचा असतो, म्हणून ते थांबवतात. त्याचा तुमच्या इंग्रजीशी संबंध नसतो. हे ध्यानात ठेवून मत आधी सांगावे. मराठीत आपण पार्श्वभूमी रचत रचत मतापाशी येतो, आणि थांबवले गेल्यास नेमके तेच बोलायचे राहून जाते.

विरुद्ध बाजूही मांडावी का?

सुचत असेल तर एका वाक्यात. 'ऑन द वन हँड' म्हणून सुरू केलेले तराजूसारखे उत्तर प्रत्येक प्रश्नाला देऊ नये. त्याने तुमचे मत कोणते हेच कळेनासे होते.

आधार देताना मराठी भाषकांकडून होणाऱ्या ठरावीक चुका कोणत्या?

'एव्हिडन्स' आणि 'रिसर्च' या शब्दांचे सर्वसाधारण वापरात अनेकवचन होत नाही, त्यामुळे 'मेनी एव्हिडन्सेस' किंवा 'अ रिसर्च सेज' हे प्रयोग खटकतात. 'अ लॉट ऑफ एव्हिडन्स' आणि 'अ स्टडी' म्हणावे. 'वन ऑफ माय फ्रेंड' मध्ये शेवटी 'फ्रेंड्स' हवे. 'मोस्ट ऑफ द पीपल' ऐवजी नुसते 'मोस्ट पीपल' पुरते. 'ॲज पर माय ओपिनियन' हे 'माझ्या मतानुसार'चे भाषांतर आहे. 'इन माय ओपिनियन' किंवा सरळ 'आय थिंक' म्हणावे. 'फॉर एक्झाम्पल लाइक सपोज' ही त्रिस्थळी यात्रा मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. तिन्हींपैकी एकच शब्द ठेवावा.

घरी सराव कसा करावा?

आधी मराठीतच करावा. घरात कोणी मत मांडले की 'कशावरून?' आणि त्याने दाखला दिला की 'मग?' असे विचारावे. दोन दिवसांत घरचे वैतागतील, तेव्हा हे प्रश्न मनातल्या मनात स्वतःला विचारण्याकडे वळावे. त्यानंतर रोज एक प्रश्न घेऊन मोबाइलवर इंग्रजीत एक मिनिट ध्वनिमुद्रण करावे. ते ऐकताना हातात पेन्सिल घ्यावी आणि कागदावर तीनच खुणा कराव्यात : मत आले तेथे एक रेघ, घटना आली तेथे एक टिंब, घटनेतून मताकडे परत आलात तेथे बाण. पहिल्या आठवड्यात कागदावर रेघा पुष्कळ दिसतील, टिंबे थोडी, आणि बाण बहुधा एकही नसेल. तसे झाल्यास नवा प्रश्न घेऊ नये. तेच मुद्रण पुन्हा लावून शेवटच्या टिंबापाशी थांबवावे आणि तेथून पुढचे एकच वाक्य मोठ्याने म्हणावे.